शनवार तेल्यांची साक्ष

मंडळी, आजचा प्रश्न असा: इस्राएल, म्हणजे देश नव्हे तर देवाने निवडलेले लोक, कोण हे ठरवायचं कुणी? प्रश्न जेरुसलेमचा आहे, पण त्याची एक वाट आपल्या अलिबागवरून जाते.

आधी बायबलकडे बघू. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात मवाबी, म्हणजे शेजारच्या मवाब देशातल्या, माणसाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही, दहाव्या पिढीपर्यंत नाही. एज्रा या याजकाने तर परक्या बायका मुलांसकट दूर करायला लावल्या. आणि त्याच ग्रंथात रूथ आहे. मवाबी, विधवा, सासूबरोबर बेथलेहेमला आलेली. तिचा पणतू म्हणजे राजा दावीद! रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मशास्त्र्यांनी, यातून वाट काढली: बंदी मवाबी पुरुषांना, स्त्रियांना नाही. ही वाट मला फार मोलाची वाटते, कारण नियम कोण वाचतो यावर किती अवलंबून असतं ते इथे दिसतं.

वाचणारे एक नव्हतेच. रब्बी म्हणतात, लेखी तोरा, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांबरोबर, मौखिक परंपराही बंधनकारक, आणि यहुदीपण आईकडून येतं. कराईत हा यहुद्यांतलाच एक पंथ; ते मौखिक परंपरा मानत नाहीत, वंश बापाकडून मोजतात. शोमरोनी, म्हणजे सॅमॅरिटन, गरिज्जीम डोंगराला पवित्र मानतात, मोशेची पाच पुस्तकं तेवढी प्रमाण धरतात, आणि खरे इस्राएल आपणच असं सांगतात.

आता कोकणात येऊ. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले यहुदी. त्यांची आठवण सांगते, नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या. ग्रंथ पाण्यात गेले. पुढे ही माणसं घाण्यावर तेल गाळू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागली, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. त्यांनी सुंता सांभाळली, मासा खवल्याचाच खाल्ला. हिब्रू प्रार्थनांपैकी ‘शेमा इस्राएल’ (‘ऐक, हे इस्राएला’) तेवढी ओठांवर राहिली. सुंतेला तीच, लग्नाला तीच, मरणाच्या वेळीही तीच. तालमूद, म्हणजे रब्बींच्या मौखिक परंपरेचा ग्रंथ, त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. मग यांना इस्राएल म्हणायचं की नाही?

हा प्रश्न पुस्तकातला राहिला नाही. 1948 नंतर पेणकर, किहीमकर, रोहेकर इस्राएलला गेले आणि तिथे लग्न नोंदवताना अडले. 1962 साली मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या कार्यालयाने निर्देश काढले: बेने इस्राएल वधू किंवा वर असेल तर आई, आजी, पणजी, जमेल तितकं मागे जाऊन तपासावं. कारण धर्मशास्त्रातलं होतं. यहुदी बाईचा घटस्फोट रीतसर गेट, म्हणजे घटस्फोटाचं धार्मिक पत्र, देऊन झाला नसेल आणि तिने दुसरं लग्न केलं, तर त्या लग्नातली मुलं ‘ममझेर’, म्हणजे निषिद्ध संबंधातून जन्मलेली, ठरतात. ममझेरलाही तोच 23वा अध्याय दहा पिढ्या दूर ठेवतो. कोकणात गेटचा विधी माहीत नव्हता, म्हणून संशय.

ही भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. शास्त्र मानणाऱ्याला ती खरीच असते. पण कोकणातल्या घराकडे कुणी नीट पाहिलं का? शेजारच्या हिंदू रीतीचा परिणाम असा, की विधवेचा पुनर्विवाह इथे चांगला मानत नसत, घटस्फोट विरळा. जिथे बाई दुसऱ्यांदा बोहल्यावर चढतच नव्हती, तिथे ममझेर यायचा कुठून? शतकानुशतकं शनिवारी थांबलेला घाणा ही साक्ष नाही का? पणजीचा कागद मागणाऱ्यांनी पणजीचं जगणं पुराव्यात धरलंच नाही. याचं मला आजही दुःख होतं.

लोक जेरुसलेमला जाऊन धरणं धरून बसले. ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत. पंतप्रधान होते लेवी एश्कोल. त्यानंतर रब्बींच्या निर्देशातून बेने इस्राएलांचं नाव निघालं. तपासणी मात्र, ज्याच्या वंशाबद्दल शंका असेल त्या कुणासाठीही, राहिली.

आणि मलिदा? पोहे, ओलं खोबरं, गोड आणि फळं ताटात मांडून एलियाहू संदेष्ट्याचं नाव घेतात तो विधी. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूचा रथ टेकला अशी श्रद्धा आहे. तालमुदात मलिदा सापडायचा नाही. आज इस्राएलमध्ये बेने इस्राएलांच्या घरी लग्नाआधी ते ताट मांडलं जातं, आणि त्यापुढे ‘शेमा इस्राएल’ म्हटलं जातं.