लस पूर्ण होण्याआधीचे पिल्लू: फ्लॅटमध्ये शी-शूची सवय कशी लावावी

नमस्कार. आजचा व्हिडिओ कुत्र्याच्या आठ ते सोळा आठवड्यांच्या पिल्लांविषयी आहे, आणि त्यातही इमारतीच्या वरच्या मजल्यावर वाढणाऱ्या पिल्लांविषयी. पुण्यात, ठाण्यात, नाशिकमध्ये जी कुटुंबे फ्लॅटमध्ये पिल्लू आणतात, त्यांच्यापैकी बहुतेकांपुढे पहिल्याच आठवड्यात एक पेच उभा राहतो. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला खाली जमिनीवर सोडू नका, असे पशुवैद्यक बजावतात. आणि शी-शूची सवय पहिल्या दिवसापासून लावा, नाहीतर पुढे जड जाते, असे ज्यांनी आयुष्यभर कुत्री सांभाळली आहेत ती माणसे सांगतात. हे दोन्ही सल्ले योग्यच आहेत. प्रश्न इतकाच उरतो की खाली जायचे नसेल, तर सवय लावायची कुठे आणि कशाची?

त्याचे उत्तर पिल्लाच्या शरीरात आहे, म्हणून सुरुवात तिथून करू. जन्मानंतरचे सुमारे तीन आठवडे पिल्लाला आपण होऊन शी किंवा शू करता येत नाही. आई त्याचे पोट आणि शेपटीखालची जागा चाटते, त्या स्पर्शाने ते मोकळे होते, आणि आई सगळे लगेच साफ करून टाकते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लू पायांवर उभे राहू लागते आणि झोपण्याच्या जागेपासून दोन पावले दूर जाऊन शू करू लागते. याचा अर्थ असा की झोपायची जागा कोरडी ठेवण्याची ओढ त्याच्यात जात्याच असते आणि आपल्याला फक्त ती टिकवायची असते. ज्या पिल्लाला अरुंद पिंजऱ्यात, स्वतःच्याच घाणीत वाढवले जाते, त्याची ही ओढ बोथट होते आणि मग नव्या घरात तिप्पट मेहनत पडते. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकण्यास आपल्याकडे २०१७च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे. एक महिन्याचे पिल्लू ‘लवकर माणसाळते’ असे सांगून कोणी देऊ लागले, तर ते नाकारावे, कारण आईजवळच्या त्या चार आठवड्यांत पिल्लू जे शिकते ते आपण नंतर शिकवू शकत नाही.

आता मुख्य मुद्दा. याच कोवळ्या वयात, साधारण पाचव्या आठवड्यापासून पुढे, पायाखालचा कोणता पृष्ठभाग शी-शूसाठी वापरायचा याची आवड पिल्लामध्ये पक्की होऊ लागते. या काळात त्याला रोज गुळगुळीत फरशीच मिळाली, तर त्याच्या दृष्टीने फरशी हीच ती जागा ठरते. वर्तमानपत्र मिळाले तर कागद ठरतो, आणि पुढे टेबलावरून खाली पडलेली मुलांची वहीसुद्धा त्याला चालते. बाजारात मिळणाऱ्या शोषक पॅडबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. ते सोयीचे आहेत, आजारी किंवा म्हाताऱ्या कुत्र्यासाठी उपयोगीही आहेत, परंतु पायाला ते मऊ कापडासारखे लागतात, आणि त्यांवर शिकलेली अनेक पिल्ले पुढे पायपुसणे, सतरंजी आणि गादी यांच्यात फरक करत नाहीत. म्हणून ज्या पृष्ठभागावर कुत्र्याने मोठेपणी जावे असे आपल्याला वाटते, तोच आज घरात आणावा. पिल्लू जमिनीवर जाऊ शकत नसेल, तर जमिनीचा एक तुकडा वर आणता येतो.

समोर ठेवलेला हा ट्रे पाहा. साधारण दोन फूट बाय तीन फूट आकाराचा, कडा ठेंगण्या, म्हणजे पिल्लाला सहज चढता येईल असा कोणताही प्लास्टिकचा ट्रे चालतो. तळाला दोन-तीन भोके पाडून खाली दुसरे पसरट भांडे ठेवले की पाणी बाहेर वाहत नाही. त्यात रोपवाटिकेत बागेसाठी विकला जाणारा हिरवळीचा तुकडा मातीसकट बसवावा. हिरवळ घेताना ती जिथे वाढवली तिथे कुत्र्यांचा वावर नाही ना, आणि तिच्यावर नुकतेच कीटकनाशक मारलेले नाही ना, हे विचारून घ्यावे. शी लगेच उचलावी, शूवर रोज थोडे पाणी ओतावे, आणि वास येऊ लागला की तुकडा बदलावा. कृत्रिम हिरवळ स्वस्त पडते, परंतु तिच्या मुळाशी शू साचून राहते, त्यामुळे ती रोज धुण्याची तयारी असेल तरच वापरावी. ट्रे बाल्कनीत ठेवणार असाल तर आधी कठड्याच्या गजांमधून पिल्लाचे डोके जाते का ते पाहा आणि खालपासून जाळी बांधून घ्या. बाल्कनी नसेल तर मोरी किंवा न्हाणीघराचा कोरडा कोपरा चालेल. तिथल्या ॲसिडच्या आणि फिनेलच्या बाटल्या मात्र उंचावर हलवाव्यात.

कोणाला वाटेल की एवढा खटाटोप करण्यापेक्षा पिल्लाला पाच मिनिटे खाली नेऊन आणले तर काय बिघडते? पार्व्हो या विषाणूजन्य रोगामुळे बिघडते. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून हा विषाणू जमिनीवर पडतो, मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनेलने मरत नाही. लसीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात दिला जातो आणि सोळा आठवडे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी तो पुन्हा द्यावा लागतो, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारद्रव्ये सुरुवातीला लसीचाच प्रभाव अडवतात आणि ती नेमकी कधी संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून ‘एक इंजेक्शन झाले आहे’ एवढ्यावर विसंबू नये, आणि घरातल्यांनी चपला-बूट दाराबाहेरच काढावेत. याचा अर्थ पिल्लाला चार भिंतींत कोंडावे असा मात्र नाही. याच वयात त्याला जगाची ओळख व्हायला हवी, तेव्हा त्याला कडेवर घेऊन रोज खाली जा, रिक्षांचे आवाज, शाळेची मुले, भाजीची गाडी हे सगळे दाखवा. फक्त पाय जमिनीला लागू देऊ नका.

जागा ठरली, की उरतो वेळेचा प्रश्न, आणि सगळी कसोटी इथेच आहे. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवला की तितके तास ते जास्तीत जास्त थांबू शकते, असा एक ढोबळ ठोकताळा वापरला जातो. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू फार तर तीन तास. परंतु ही वरची मर्यादा आहे, आणि तीही झोपलेल्या किंवा शांत पडलेल्या पिल्लाची. जागे असलेले, खेळणारे पिल्लू अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा शू करते. झोपेतून उठल्याबरोबर, पाणी प्यायल्यावर, खेळ ऐन रंगात आला असताना, आणि खाल्ल्यानंतर पाच ते तीस मिनिटांत त्याला ट्रेवर नेलेच पाहिजे. पोटात अन्न पडले की मोठे आतडे हलू लागते, ही शरीराचीच रचना आहे. त्यामुळे जेवणाच्या वेळा ठरल्या की शीच्या वेळा आपोआप ठरतात. दिवसभर भरलेली वाटी समोर ठेवण्याची पद्धत म्हणूनच सोडून द्यावी आणि या वयात दिवसातून तीन ते चार वेळा ठरलेल्या वेळी खायला द्यावे.

खाण्यावरून आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपल्याकडे पिल्लू आले की आजी मायेने दूध-पोळी कुस्करून देते. तिच्या मायेविषयी शंका नाही, परंतु आईचे दूध सुटलेल्या अनेक पिल्लांना गाई-म्हशीचे दूध पचत नाही आणि जुलाब होतात. जुलाब होणारे पिल्लू कितीही हुशार असले तरी ट्रेपर्यंत पोहोचू शकत नाही. घरात सवय लागत नाही अशी तक्रार असेल, तर आधी दूध बंद करून पाहावे. पाणी मात्र कधीही तोडू नये. शू कमी व्हावी म्हणून दुपारचे पाणी उचलून ठेवणे, आणि तेही नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात, हे पिल्लाच्या जिवाशी खेळणे आहे.

ट्रेवर नेताना पिल्लाला उचलण्यापेक्षा, अंतर थोडे असेल तर, हलका पट्टा लावून चालवत न्यावे, म्हणजे त्याला वाट कळते. तिथे पोहोचल्यावर खेळू नका, बोलू नका, चार-पाच मिनिटे नुसते उभे राहा. शू सुरू झाली की एकच ठरलेला शब्द हळू आवाजात म्हणा. ‘शू कर’ म्हणा किंवा दुसरे काही, परंतु आई, बाबा, आजोबा सगळ्यांनी तोच म्हणावा. पिल्लू उठून उभे राहताच, तिथेच, एक-दोन सेकंदांत उकडलेल्या कोंबडीचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा द्यावा. स्वयंपाकघरात येऊन डबा उघडून दिलेले बक्षीस उपयोगाचे नाही, कारण पिल्लाच्या लेखी ते स्वयंपाकघरात येण्याचे बक्षीस असते. त्याने काहीच केले नाही, तर त्याला मोकळे न सोडता मांडीवर किंवा कुंपणात ठेवा आणि दहा मिनिटांनी पुन्हा न्या.

कुंपणाचा उल्लेख मुद्दाम केला. सवय लागेपर्यंत पिल्लाला पूर्ण घर मोकळे देऊ नये. दोन खोल्यांचे घरसुद्धा त्याच्यासाठी अफाट असते, आणि सोफ्यामागचा कोपरा त्याच्या झोपण्याच्या जागेपासून इतका दूर असतो की तिथे शू करायला त्याला काहीच गैर वाटत नाही. घडीचे जाळीदार कुंपण किंवा आपल्या नजरेसमोरची एक खोली पुरेशी आहे. रात्रीच्या झोपेसाठी क्रेट, म्हणजे दार असलेला झोपण्याचा पिंजरा, वापरणार असाल, तर पिल्लाला उभे राहून वळता येईल आणि पाय पसरून झोपता येईल एवढाच तो असावा, आणि आपल्या पलंगाशेजारी असावा, म्हणजे चुळबुळ ऐकू येते. सुरुवातीला रात्री एक-दोनदा उठावे लागेलच. उठलात की दिवा मंद ठेवा, ट्रेवर न्या, परत आणून झोपवा.

फरशीवर कधी ना कधी शू होईलच, आणि त्या क्षणी आपण काय करतो यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. नाक त्यात घासणे, वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारणे, ओरडणे या जुन्या पद्धती अजूनही अनेक घरांत चालतात. ‘त्याला कळते, बघा कसे कान पाडून बसले आहे,’ असे लोक म्हणतात. पिल्लू कान पाडते ते आपल्या चेहऱ्याकडे आणि आवाजाकडे पाहून. दहा मिनिटांपूर्वीच्या शूशी ते त्याचा संबंध जोडू शकत नाही. आणि शू करतानाच मार बसला, तर ते एवढेच शिकते की माणसासमोर शू करणे धोक्याचे आहे. मग तुम्ही ट्रेजवळ पट्टा धरून कितीही वेळ उभे राहा, ते थांबून धरते आणि घरात येऊन पलंगाखाली करते. ज्या पिल्लांना हट्टी म्हटले जाते, त्यांतली कितीतरी पिल्ले मुळात घाबरलेली असतात, आणि हे मला फार वाईट वाटते. चालू शू दिसली तर शांतपणे टाळी वाजवा, उचलून ट्रेवर न्या, आणि उरलेली तिथे झाली तर तुकडा द्या. नंतर दिसली, तर काही न बोलता पुसून टाका.

पुसण्यासाठी मूत्राचे घटक मोडणारे विकरयुक्त, म्हणजे एन्झाइम असलेले, द्रावण वापरावे. ते प्राण्यांच्या दुकानांत मिळते. फिनेलने आपल्याला वास येईनासा होतो, पण पिल्लाच्या नाकाला तो येतच राहतो. अमोनिया असलेले द्रव तर टाळावेच, कारण त्याचा वास मूत्राच्या वासाशी जुळतो. पाणी मिसळलेले व्हिनेगर साध्या टाइल्सवर चालते, परंतु संगमरवरावर डाग पाडते.

काही प्रसंग सवयीचे नसतातच. पाहुणा वाकून लाड करू लागला की जागच्या जागी थोडी शू सोडणारे पिल्लू भीतीने किंवा आनंदाच्या भरात तसे करते. पाहुण्याला खाली बसायला आणि दुर्लक्ष करायला सांगा, वाढत्या वयात बहुतेकांचे हे थांबते. थेंबथेंब शू सारखी होत असेल, करताना पिल्लू कण्हत असेल किंवा रक्त दिसत असेल, तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो आणि तो शिकवणीने बरा होत नाही. उलट्या, पातळ दुर्गंधीयुक्त शी आणि मलूलपणा एकत्र दिसले, तर त्याच दिवशी, वाट न पाहता, पशुवैद्यकांकडे जावे.

घरातील सगळेजण सकाळी नऊला जाऊन संध्याकाळी सातला येणार असतील, तर दोन महिन्यांचे पिल्लू आणू नये असे मी स्पष्टपणे सांगेन. दिवसभर कोणी येऊन त्याला ट्रेवर नेण्याची पक्की व्यवस्था होत नसेल, तर निवारा केंद्रातले दोन-तीन वर्षांचे देशी कुत्रे घ्यावे. मोठे कुत्रे अनेक तास थांबू शकते आणि पुष्कळदा काही दिवसांतच घराची शिस्त उचलते. पिल्लांच्या बाबतीत मात्र काही महिने धरून चालावे. सहा महिन्यांपर्यंत अधूनमधून चूक होणे स्वाभाविक आहे, आणि लहान जातींना याहूनही जास्त वेळ लागतो.

डोस पूर्ण होऊन पशुवैद्यकांनी परवानगी दिली, की खाली नेण्याची वेळ येते. पहिल्या दिवशी ट्रेमधला वापरलेला हिरवळीचा छोटा तुकडा बरोबर न्यावा, सोसायटीच्या मागच्या एखाद्या शांत कोपऱ्यात ठेवावा आणि पिल्लाला तो हुंगू द्यावा. ओळखीचा वास आणि ओळखीचा पृष्ठभाग मिळाला की बहुतेक पिल्ले तिथे करतात. तुकडा आणि शी दोन्ही पिशवीत उचलून आणावे. पावसाळ्यात ओल्या गवताला पाय लावायला पिल्लू कुरकुरते, म्हणून ट्रे त्या चार महिन्यांत बाल्कनीत राहू द्यावा आणि साचलेल्या पाण्यातून नेणे टाळावे, कारण अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. आणि शू झाल्याबरोबर लगेच लिफ्टकडे वळू नका. शू केली की फिरणे संपते, हे पिल्लाच्या चटकन लक्षात येते आणि मग ते मुद्दाम धरून ठेवू लागते. आधी शू, मग बक्षीस, आणि त्यानंतर पंधरा मिनिटे मनसोक्त फिरणे, असा क्रम ठेवावा.