मालकाच्या अंगणात मालकाचीच टिंगल

नमस्कार मंडळी. दक्षिण कोरियाचं नाव काढलं की हल्ली घरातली तरुण मुलं लगेच कान टवकारतात. तिथल्या मालिका त्यांना पाठ, गाणी पाठ. मी ज्या कोरियाबद्दल बोलणार आहे, तो त्या मालिकांमध्ये मागच्या बाजूला दिसतो. कडेला किंचित वर वळलेली कौलारू छपरं, लाकडी खांब, पांढरा कागद चिकटवलेली दारं. अशा जुन्या घराला तिकडे हानोक म्हणतात. अशाच घरांच्या एका गावातला मुखवट्यांचा उत्सव पाहायला मी गेलो होतो.

गावाचं नाव हाहवे. आंदोंग शहराच्या पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटरवर नाकदोंग नदी मोठं वळण घेते आणि त्या वळणाच्या कुशीत हे गाव आहे. गावात ऱ्यू घराण्याची कित्येक शतकांची वस्ती. 2010 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घातलं. पण हे संग्रहालय नव्हे, इथे माणसं राहतात. दोरीवर कपडे वाळत असतात, कुणाच्या परसात मिरच्या पसरलेल्या असतात.

गावाच्या मध्यभागी मोठी कौलारू घरं आहेत, ती यांगबान लोकांची, म्हणजे उमराव आणि विद्वान वर्गाची. त्यांच्या भोवती गवताने शाकारलेली लहान घरं, ती कुळांची आणि राबणाऱ्यांची. छप्पर बघून माणसाची पायरी कळायची.

घरात शिरल्यावर हे आणखी ठळक होतं. पुरुषांचा, पाहुण्यांचा भाग वेगळा, बायकांचा आत, वेगळा. जोत्याशी एक सपाट दगड असतो, त्यावर पायताणं काढायची आणि मगच वर चढायचं. 1999 साली इंग्लंडची राणी एलिझाबेथ आपल्या त्र्याहत्तराव्या वाढदिवशी या गावात आली होती. इथल्या छुंगह्योदांग या वाड्यात शिरताना तिनेही बूट काढले. त्या क्षणाचा फोटो कोरियात आजही लोकांना आठवतो.

खोलीची जमीन बघा. बाहेरच्या बाजूला, जमिनीच्या पातळीखाली, चुलीचं तोंड असतं. तिथे लाकडं पेटवायची. जाळ आणि धूर खोलीच्या खाली बसवलेल्या सपाट दगडांखालून फिरत जातो आणि दुसऱ्या टोकाच्या धुराड्यातून बाहेर पडतो. दगड तापतात, आणि एकदा तापले की रात्रभर ऊब धरून ठेवतात. दगडांवर मातीचा लेप, त्यावर जाड कागद, कागदाला तेल पाजलेलं. त्यामुळे जमीन मधासारखी पिवळसर, गुळगुळीत दिसते. या व्यवस्थेला ओंदोल म्हणतात. आता गंमत अशी की चुलीजवळची जमीन जास्त तापते आणि लांबचा कोपरा कोमट राहतो. म्हणून चुलीजवळची जागा घरातल्या वडीलधाऱ्याची किंवा मानाच्या पाहुण्याची. कोण कुठे बसणार हे तिथे जमिनीच्या उबेवरून ठरायचं! धाकट्या सुनेच्या वाट्याला कुठली जागा यायची, ते मी सांगायला नको.

इतकं सगळं नेमून दिलेल्या घरात एकच जागा रिकामी असते, अंगण. तिकडे त्याला मादांग म्हणतात. श्रीमंताच्या वाड्यातही त्यात झाडं नाहीत, हिरवळ नाही, कारंजं नाही. चोपून सपाट केलेली माती, बस्स. एक कारण उजेडाचं आहे. छपराच्या वळचणी इतक्या पुढे आलेल्या असतात की आत अंधार व्हावा, पण मोकळ्या मातीवरून परतलेलं ऊन कागदाच्या दारांतून मऊ होऊन आत येतं. दुसरं कारण कामाचं. धान्याची झोडणी तिथे, लग्न तिथे, प्रेतयात्राही तिथूनच निघायची. आणि खेळही तिथेच.

हाहवेचा मुखवट्यांचा खेळ मुळात ग्रामदेवतेच्या उत्सवाचा भाग होता. तो दरसाल होत नसे. काही वर्षांच्या अंतराने, देवीचा कौल मिळाला की मग होई. मुखवटे गोर्यो काळातले मानले जातात, म्हणजे सातआठशे वर्षांपूर्वीचे. लाकडात कोरलेले. 1964 साली कोरियन सरकारने त्यांना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला. यांगबानच्या मुखवट्याची हनुवटी वेगळी कोरून दोरीने बांधलेली आहे. नटाने मान मागे टाकली की तोंड उघडतं आणि चेहरा खदाखदा हसतो. मान खाली घातली की ओठ मिटतात आणि तोच चेहरा आठ्या घालतो. मी तीन हातांवरून पाहत होतो, तरी लाकूड हलतंय असं वाटेना, माणूसच हसतोय असं वाटत होतं.

इमे नावाच्या गडबडगुंड्या नोकराच्या मुखवट्याला तर हनुवटीच नाही. त्याची दंतकथा अशी. हे मुखवटे कोरणाऱ्या तरुणाला दैवी आज्ञा होती की काम संपेपर्यंत कुणाच्या नजरेस पडायचं नाही. त्याच्यावर जीव लावलेल्या मुलीला राहवेना. तिने खोलीच्या दाराच्या कागदाला बोटाने भोक पाडलं आणि आत डोकावली. त्याच क्षणी तो रक्त ओकून मेला. शेवटचा मुखवटा हनुवटीवाचून राहिला, तो इमे. कागदाच्या दारांच्या घरातच ही गोष्ट जन्मू शकते.

आता खेळाचं म्हणाल तर तो उमरावांची सालं काढतो. एक यांगबान आणि एक सोनबी, म्हणजे विद्वान, बूने नावाच्या नखरेल बाईपुढे मोठेपणा सांगतात. एक म्हणतो, मी कन्फ्यूशियसच्या परंपरेतले चार प्रमाणग्रंथ वाचलेत. दुसरा म्हणतो, चार काय घेऊन बसलास, मी आठ वाचलेत. असले आठ ग्रंथ अस्तित्वातच नाहीत! आणि यांगबानचा नोकर चोरेंगी, आपला सोंगाड्याच म्हणा, ही थाप पुढे वाढवत नेतो. तेवढ्यात खाटीक येतो. नुकत्याच कापलेल्या बैलाचे वृषण विकायला काढतो. दोघेही थोर गृहस्थ नाक मुरडतात. मग खाटीक हळूच सांगतो की हे खाल्लं की पुरुषाची ताकद वाढते. पुढचं तुम्हीच ओळखा. दोघे ते दोन्ही बाजूंनी धरून ओढतात, विद्वत्ता गेली वाऱ्यावर. ओढाताणीत माल मातीत पडतो आणि म्हातारी हाल्मी तो उचलून दोघांचीही खरडपट्टी काढते. प्रेक्षकांत नातवंडांना घेऊन आलेल्या आज्या होत्या, त्या सगळ्यांत मोठ्याने हसत होत्या.

हा खेळ पूर्वी उमरावांच्या गावातच, त्यांच्या संमतीने आणि मदतीने व्हायचा. खाटीक ही तिकडे अगदी तळाची जात. तो मालकाच्या डोळ्यांदेखत मालकाला नागडं करतो आणि मालक हसून घेतो. अभ्यासक म्हणतात की हा वाफ जाऊ देण्याचा मार्ग होता. एक दिवस बोलून घ्या, बाकीचे दिवस निमूट राबा. मला हे पटतं, पण पुरतं नाही. वाफ जाऊ द्यायची तर चावडीत चार शिव्या देऊ दिल्या तरी भागलं असतं. इथे पिढ्यान्पिढ्या पात्रं घासूनपुसून धारदार केली गेली, हनुवटी कुठे बांधावी याचा विचार झाला. एवढा कस नुसत्या रागातून येत नाही.

जपानी राजवटीत, 1928 नंतर, गावातला खेळ बंद पडला. लहानपणी त्या शेवटच्या खेळात नववधूचं सोंग घेतलेला एक माणूस हयात होता. त्याच्या आठवणींच्या आधाराने 1970 च्या दशकात तो पुन्हा उभा केला गेला. 1997 पासून आंदोंगमध्ये दर शरद ऋतूत आंतरराष्ट्रीय मुखवटा-नृत्य महोत्सव भरतो. शहरातल्या मंडपात देशोदेशीची पथकं येतात. मला ती ठीकठाक वाटली. खरी मजा हाहवेतच.

आणि तिथे रात्री वेगळाच खेळ असतो, तो उमरावांचा. नदीपलीकडे बुयोंगदे नावाचा चौसष्ट मीटरचा कडा आहे. कड्याच्या माथ्यापासून अलीकडच्या पाइनच्या वनापर्यंत दोर बांधतात. कोळशाची पूड कागदात गुंडाळून केलेल्या लांबट पुड्या दोरांना लटकवतात आणि पेटवतात. पुढे तास-दीड तास ठिणग्या रिमझिम पाण्यावर पडत राहतात, आवाज न करता. अधूनमधून कड्यावरून पेटलेला पाइनच्या फांद्यांचा भारा खाली ढकलतात आणि काठावरची हजारो माणसं एकसुरात ‘नाख्वाया!’, म्हणजे ‘फुलं गळताहेत!’, असं ओरडतात. जुन्या काळी यांगबान खाली नावेत बसून दारू पीत कविता करायचे. दोर ओढायला, कड्यावर भारे वाहायला गावातले कष्टकरी. याच कड्याच्या पायथ्याच्या घरात ऱ्यू सोंग-र्‍योंग या प्रधानाने 1592 च्या जपानी स्वारीचा इतिहास लिहिला. त्यात स्वतःच्या सरकारच्या चुका त्याने लपवल्या नाहीत. तेव्हा टीका ऐकून घ्यायची सवय या घराण्याला होती म्हणायची.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. सोलहून आंदोंगला रेल्वेने दोनेक तास लागतात. आगीचा खेळ ठरावीक संध्याकाळीच असतो, तारखा बघून जा आणि दुपारीच वाळूत जागा धरा, अंथरायला काहीतरी न्या. खारवलेला बांगडा तिथली खासियत आहे, समुद्र लांब म्हणून वाटेत मीठ लावून आणायचे. तो जरूर खा. घरांची दारं उघडी दिसली तरी विचारल्याशिवाय आत डोकावू नका. सोलच्या बुकछोन या हानोक वस्तीत पर्यटकांचा इतका जाच झाला की 2025 पासून संध्याकाळी पाचनंतर तिथल्या ठरावीक गल्ल्यांत हिंडणाऱ्याला एक लाख वॉन दंड आहे.

आणि मुखवट्यांच्या खेळाला खिशात सुट्या नोटा ठेवा. खाटीक तो माल घेऊन प्रेक्षकांत गिऱ्हाईक शोधत फिरतो, आणि परदेशी चेहरा दिसला की तो आधी तुमच्यासमोरच येऊन उभा राहतो.