अंगठ्याचे मोजे

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या कुकरच्या तीन शिट्ट्यांत मोज्याचे चार फेरे होतात. पाचवा घ्यायचा मोह झाला की भाताचा गिचका. हे अंदाजाने सांगत नाही, घरच्यांनी तो भात खाल्लाय.

विणायला म्हणून वेगळा वेळ मला आयुष्यात कधी मिळालेला नाही. नळाला पाणी येईपर्यंत, दूध तापेपर्यंत, क्लासमधून मुलगी खाली येईपर्यंत, अशा फटींतून माझे स्वेटर झाले. बारा वर्षं मी पंचवटी एक्स्प्रेसने नाशिक–मुंबई जाऊन-येऊन नोकरी केली, त्या काळातलं विणकाम तर जवळजवळ सगळं गाडीतलंच. समोरची मेथी निवडायची, शेजारची झोपायची आणि मी विणायची. कसारा घाटात बोगदा आला की डबा काळोखा व्हायचा, पण सुया थांबत नसत. सुलट टाका बोटाला सपाट लागतो, उलट टाक्याला बारीक गाठीसारखा उंचवटा असतो. एकदा बोटांना ते कळलं की डोळ्यांचं काम फक्त टाका सुटला तर.

तर गेल्या थंडीची गोष्ट. निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटायला लागल्या, नाशकातही सकाळी नळाचं पाणी बोटांना चावायला लागलं, आणि आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, मला म्हणाले, "सूनबाई, पाय गार पडतात गं."

आता नानांच्या पायाला मोजे म्हणजे सोपं काम नाही. त्यांनी जन्मात बूट घातला नाही. वहाणा. आणि वहाणेचा अंगठा साध्या मोज्यावरून चढत नाही. बाजारात अंगठ्याचे मोजे मिळतात, मी आणूनही दिले होते. नायलॉनचे, सगळ्यांना एकच माप. नानांनी दोन दिवस घातले आणि घडी करून परत दिले. "हे मोजे नव्हेत, पिशव्या आहेत."

ही अंगठ्याची अडचण फार जुनी आहे बरं का. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये इजिप्तमध्ये सापडलेली लोकरी मोज्यांची एक लाल जोडी आहे. दीड हजार वर्षांहून जुनी. तिचा पुढचा भाग दुभंगलेला आहे, अंगठा एकीकडे नि चार बोटं दुसरीकडे, कारण तिकडचे लोकही पट्ट्याच्या चपला घालायचे. ती जोडी आपल्यासारखी दोन सुयांवर विणलेली नाही, एकाच सुईने फासे ओवत शिवल्यासारखी केलेली आहे. दोन सुयांचं विणकाम त्यानंतर कितीतरी शतकांनी आलं. मी तिचा फोटो पाहिला तेव्हा पहिला विचार आला तो असा, की त्या बाईच्याही घरात एखादे नाना असणार.

माझ्या हातात सुया दिल्या आजीने, निफाडला. तिच्या विणकामाची एक गोष्ट आमच्याकडे नेहमी सांगतात. 1962 साली चीनने हल्ला केला तेव्हा देशभरातल्या बायका जवानांसाठी स्वेटर विणायला बसल्या होत्या. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, ते तेव्हाचंच. आजीच्या आळीतही लोकर आली. सगळ्यांनी भराभर टाके घातले. आजी लोकर मांडीवर घेऊन नुसती बसलेली. म्हणाली, "माप कुणाचं?" आता जवान कोण, कुठला, उंच की बुटका, कुणाला ठाऊक? "मोठा विणा" एवढंच सांगितलं होतं. तिला ते पटेना. शेवटी तिने वाड्यातल्या सगळ्यात उंच माणसाला, म्हणजे माझ्या थोरल्या काकांना उभं केलं, त्यांची छाती मोजली, हात मोजला, मुंढा मोजला, आणि मगच पहिला टाका सुईवर घेतला. माणसाच्या अंगाशिवाय तिला विणताच येत नसे.

मलाही येत नाही. फक्त मुलाच्या बाबतीत मी शहाणपणा केला होता. सगळ्या आया करतात तोच, वाढत्या अंगाचा. पहिल्या थंडीत त्याच्या बाह्या दोनदा दुमडाव्या लागल्या, दुसऱ्या थंडीत स्वेटर नेमका बसला तेव्हा नेमकी थंडीच पडली नाही, आणि तिसऱ्या थंडीत मनगटं बाहेर. मग उसवला. उसवलेली लोकर बघितलीय कधी? शेवयांसारखी वळ्यावळ्यांची असते. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिची लडी करायची, रिठ्याच्या पाण्यातून काढायची, आणि ओली असतानाच तांब्याचं वजन अडकवून दोरीवर टांगायची. वळ्या जातात. त्यात मुलीची टोपी आणि हातमोजे झाले.

लोकर म्हणतोय खरं आपण, पण दुकानात त्या नावाखाली मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक. शंका असेल तर टोक जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते, ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. मुलांच्या स्वेटरला ॲक्रिलिक चालतं, मशीनमध्ये टाकता येतं. मोज्यांना मात्र मी खरी लोकर घेते, थोडं नायलॉन मिसळलेली. लोकर पायाचा घाम पोटात घेते आणि तरी ओली लागत नाही. आपल्या धनगरांच्या मेंढ्यांची लोकर घोंगडीला उत्तम, पण पायात टोचते.

नानांना संध्याकाळी खाटेवर बसवलं आणि टेप घेतला. मोज्याचं माप संध्याकाळी घ्यावं, दिवसभरात पाऊल थोडं पसरतं. उजवा घोटा मोजला, डावा मोजला. डावा पाऊण इंच जास्त. मला वाटलं टेप सरकला. परत मोजलं. तेवढाच. अंगठ्याने दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"नाना, ही सूज कधीपासून?"

"असते जराशी."

"किती दिवस?"

"दसऱ्याच्या आधीपासून असेल. पाय गार पडतात म्हटलं ना मी."

म्हणजे बघा. दुखतंय म्हणायचं नाही, सुजलंय म्हणायचं नाही, मोजे मागायचे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं, एक गोळी बदलली, आठवड्याने सूज उतरायला लागली. मी आपली थांबले आणि सूज उतरल्यावर नवं माप घेतलं.

चौसष्ट टाके, चौदा नंबरच्या सुया. चौदा नंबर म्हणजे दोन मिलिमीटर, आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक. टाके तीन सुयांवर वाटायचे आणि चौथीने विणत गोल फिरायचं. वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट. घोट्यापर्यंत डोकं लागत नाही. मग येते टाच, आणि टाच आली की आमच्या घरी माझ्याशी कुणी बोलत नाही. अर्धे टाके नुसते थांबवून ठेवायचे आणि उरलेल्या बत्तिसांवरच पुढे-मागे विणत एक चौकोनी पट्टी करायची. तिच्या शेवटी मधल्या टाक्यांवर छोट्या छोट्या ओळी घ्यायच्या, मध्येच वळायचं, दोन टाके एकत्र करायचे. आणि बघता बघता सपाट पट्टीची वाटी होते. चाळीस वर्षं विणतेय, तरी ती वाटी झाली की मी अजून तिच्यात मूठ घालून बघते. नंतर पट्टीच्या दोन्ही कडांचे टाके उचलायचे, हळूहळू कमी करत परत चौसष्टावर यायचं, आणि मग चवड्यापर्यंत सरळ रस्ता. शेवटी वीस-बावीस टाके अंगठ्यासाठी वेगळे. एका मोज्यात आठ-नऊ हजार टाके भरतात, मी एकदा हिशेब केला होता. परत करणार नाही.

साध्या मोज्याला डावा-उजवा नसतो. अंगठ्याच्या मोज्याला असतो. हे मला माहीत होतं. तरीही पंधरा दिवसांनी जोडी नानांपुढे ठेवली तेव्हा त्यांनी एक घातला, दुसरा घातला, पाय वर करून बघितला आणि म्हणाले, "छान झालेत. पण मला उजवे पाय दोन नाहीत गं."

टाचेपर्यंत उसवावं लागलं नाही, एवढंच नशीब. अंगठ्याच्या फाट्यापर्यंत उसवला आणि परत विणला. त्यात दोन दिवस गेले, एक भात गेला.

नाना आता ते मोजे घालून सकाळी पारावर जातात. तिथे त्यांची पाच-सहा मित्रमंडळी, सगळी वहाणावाली. परवा संध्याकाळी दार वाजलं. त्यांच्यातलेच एक काका उभे, हातात वर्तमानपत्राचा कागद. त्यावर पेनने पाऊल काढलेलं, अंगठा नीट वेगळा दाखवलेला.

"सूनबाई, हे माप. घाई नाही."

मी कागद उलटून बघितला. मागे नुसत्या बातम्या.

"काका, दुसरा पाय?"

"दोन्ही सारखेच की."

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि टेप आणायला आत गेले.