एका पायावर उभा राहिलेला सादाहारू ओ

तर मंडळी, बेसबॉलमधे ८६८ होमरन (क्रिकेटच्या सिक्ससारखा, बॉल थेट भिंतीपलीकडे). अमेरिकेचा बॅरी बाँड्स ७६२ वर थांबला, म्हणजे केवढा पल्ला आहे बघा. पण जपानचा बेसबॉलपटू सादाहारू ओ म्हटलं की सगळे डायरेक्ट या आकड्यावरच येतात, आणि मला तर त्याची सुरुवातीची तीन वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात.

१९४० चा जन्म, टोकियोतला. वडील चीनमधून आलेले, नूडल्सचं छोटं हॉटेल चालवायचे. पोरगा शाळेत डावखुरा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, १९५७ च्या स्प्रिंग कोशिएनमधे, म्हणजे शाळांच्या राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धेत, बोटं फुटून बॉलला रक्त लागत होतं तरी टाकत राहिला आणि शाळेला जिंकून दिलं. त्याच वर्षी राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात मात्र खेळू दिलं नाही, का तर जपानी नागरिक नाही! सतरा वर्षाच्या पोराला किती लागलं असेल हो ते.

१९५९ ला योमिउरी जायंट्स या टोकियोच्या व्यावसायिक संघाने घेतलं आणि पिचिंग सोडून बॅटिंगला लावलं. पहिला हिट (बॉल मारून सुखरूप बेसवर पोचणं) मिळायला २६ वेळा रिकाम्या हाती परत यावं लागलं. पहिल्या सीझनला ७ होमरन, मग १७, मग १३, आणि स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइक होऊन बाद) इतके की स्टँडमधनं लोक त्याला स्ट्राइकआऊटचा राजा म्हणून ओरडायचे.

१९६२ ला हिरोशी अराकावा बॅटिंग कोच म्हणून आले. याच अराकावांनी तो शाळेत असताना एकदा पार्कात त्याला उजव्या हाताने खेळताना बघितलं होतं आणि अरे तू डावखुरा ना, मग डावीकडनं उभा राहा असं सांगितलं होतं. आता त्यांनी नेमकी गोची शोधली: स्विंग सुरू करताना त्याचे हात उगाच हलायचे आणि तेवढ्यात बॉल निघून जायचा. उपाय काय, तर पिचर हात फिरवायला लागला की उजवा पाय उचलून फक्त डाव्यावर उभं राहायचं. एका पायावर तोल सांभाळायचा म्हटल्यावर हात गप्प बसतात, दुसरा इलाजच नाही.

१ जुलै १९६२ ला मॅचमधे पहिल्यांदा तसा उभा राहिला आणि त्याच मॅचला होमरन. सीझनअखेर ३८!

लोकांना ती स्टाईल वाटली, पण त्यामागची मेहनत बघा ना. अराकावा स्वतः आयकिदो ही जपानी मार्शल आर्ट शिकलेले. रात्री खोलीत छताला कागदाची पट्टी टांगायची आणि खऱ्या कताना तलवारीने ती कापायची, नुसती ताकद लावली तर कागद हलतो, कापला जात नाही, पूर्ण अंग एका क्षणी एका रेषेत आलं तरच कापला जातो. स्विंग मारून मारून पायाखालची तातामी, म्हणजे जमिनीवरची जाड चटई, झिजायची. कोच-खेळाडूचं असं नातं मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

पुढे लागोपाठ १३ वर्षं लीगमधे सगळ्यात जास्त होमरन त्याचे, १९६४ ला एकाच सीझनला ५५. ३ सप्टेंबर १९७७ ला टोकियोच्या कोराकुएन स्टेडियममधे ७५६ वा मारला, तेव्हाचा अमेरिकन विक्रमवीर हँक ॲरनच्या पुढे गेला, आणि दोन दिवसात सरकारने नवा राष्ट्रीय सन्मान पुरस्कार काढून पहिला त्यालाच दिला, पासपोर्ट तेव्हाही जपानी नव्हताच. कोराकुएन छोटं ग्राउंड होतं, म्हणून होमरन सोपे, असं अमेरिकन लोक म्हणतात, म्हणू देत, पण तब्बल २३९० वॉक (चार बॉल बाहेर टाकले की फुकट मिळणारा पहिला बेस) मिळालेत त्याला, म्हणजे पिचर त्याला खेळायला बॉलच द्यायचे नाहीत.

१९८० ला रिटायर झाला तेव्हा वय ४०. त्या शेवटच्या सीझनला सुद्धा ३० होमरन होते, दुसऱ्या कोणी अजून दोन-तीन वर्षं आरामात काढली असती, पण आपल्याला हवी तशी बॅटिंग आता होत नाही असं त्याला स्वतःलाच वाटलं आणि तो थांबला.