झोप लागते का, हे कुणी विचारलं?

(उमरगा इथल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय लांबलचक छापलाय: युद्ध आणि विस्थापनाची झळ बसलेल्या सांस्कृतिक कार्यकर्त्यांसाठी स्वास्थ्य अनुदान. साध्या भाषेत सांगतो. युक्रेनमधली एखादी ग्रंथपाल, सुदानमधल्या संग्रहालयाचा रखवालदार, नाटकाचे दिवे सांभाळणारा माणूस, यांना झोपेसाठी, उपचारासाठी, लेकरं सांभाळायला चार पैसे द्यायचे आणि बदल्यात काही मागायचं नाही. जगात अशी अनुदानं आता कुठे कुठे मिळू लागलीत. मला ती का जिव्हाळ्याची वाटतात, हे सांगायला आधी सास्तूरच्या बाजूला जावं लागेल.

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. तुमच्यापुढे पहाटेची वेळ सांगायची गरज नाही. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. ज्या माळवदानं पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात गारवा दिला, तेच दगडमातीसकट अंगावर आलं. मी तेव्हा नवीन लागलेला मास्तर. आमच्या गावच्या भजनी मंडळात एक पेटीवाले बुवा होते. त्यांची बायको आणि दोन नातवंडं त्या रात्री गेली. बुवा राहिले, कारण ते ओट्यावर झोपले होते.

पुढे पत्र्याच्या शेडमध्ये संसार थाटले गेले. एका संस्थेनं भजनी मंडळाला नवीकोरी पेटी, तबला आणि टाळ दिले. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी आजही म्हणतो. बॅनर लागला, फोटो निघाला. तीन महिन्यांनी माझ्याकडे पत्र आलं, कारण गावात लिहिणारा मी. किती कार्यक्रम झाले, श्रोते किती होते, सह्यांसह कळवा. तो कागद घेऊन मी बुवांकडे गेलो. ते मला अजून टोचतं.

बुवा खाटेवर बसले होते. पेटी खाटेखाली, पोत्यात गुंडाळलेली. म्हणाले, "गुरुजी, डोळा लागला की घर पडतंय. पेटीचा भाता दाबला की तसाच आवाज येतोय. कसं वाजवू?" त्यांना पत्र्याखालीसुद्धा झोपवत नव्हतं, थंडीतही ते बाहेरच अंथरूण टाकायचे. सहा महिन्यांत धान्य, भांडी, घोंगड्या, वाद्यं, सगळं त्यांच्या दारात आलं होतं. झोप लागते का, हे विचारणारं कुणी आलं नव्हतं. मीही नाही.

शेवटी आम्ही मास्तरांनी वर्गणी काढली आणि त्यांना तुळजापूरला बहिणीकडे पाठवलं. एसटीचं तिकीट, हातखर्चाला थोडे पैसे, बस्स. चार महिने राहिले. बहिणीच्या अंगणात झोपले, भाच्याबरोबर दवाखान्यात गेले, नातवंडांचं नाव घेऊन एकदाचे मोकळेपणी रडले. परत आल्यावर त्यांनी आपणहून पोतं सोडलं. उंदरांनी भाता कुरतडला होता. खळ लावून त्यावर कापडाची पट्टी चिकटवली, ती वाळेपर्यंत बसून राहिले आणि मग काळी एकचा सूर नुसता धरून ठेवला. अभंग नाही, काही नाही. शेडमधल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

माझी आजी रझाकारांच्या काळात कडेवर लेकरू घेऊन बार्शीकडे गेली होती. पोलीस ॲक्शननंतर याच मराठवाड्यातल्या कितीतरी मुसलमान घरांवर तीच पाळी आली. त्यांच्यातले गाणारे, वाजवणारे, लिहिणारे कुठे गेले, त्याची वही कुणी ठेवली नाही. यावर खरं तर वेगळं व्याख्यान व्हायला हवं.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. मूळ मुद्दा भरभर सांगतो.

युद्धात सांस्कृतिक ठेवा वाचवण्यासाठी १९५४ साली हेगचा करार झाला. त्याचं १५वं कलम सांस्कृतिक वस्तू सांभाळणाऱ्या माणसांबद्दल आहे. या माणसांचा मान राखावा, असं ते सांगतं, पण कशासाठी? त्या वस्तूंच्या हितासाठी. माणूस तिथे वस्तूच्या मागून येतो, आणि मदतही बहुतेक त्याच वाटेनं आली. २०२२ च्या फेब्रुवारीत कीवजवळच्या इवान्किव्हचं संग्रहालय जळत असताना मारिया प्रिमाचेन्को यांची चित्रं गावकऱ्यांनी आगीतून बाहेर काढली. जग हळहळलं आणि चित्रं वाचली म्हणून सुखावलं. ती काढणाऱ्यांच्या पुढच्या रात्री कशा गेल्या असतील? सीरियातल्या पल्मायरा या प्राचीन शहराचे अवशेष सांभाळणारे पुरातत्त्वज्ञ खालिद अल-असद यांना २०१५ मध्ये 'इस्लामिक स्टेट'नं मारलं, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. सुदानात एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटलं, एक कोटीहून जास्त माणसं घराबाहेर पडली, खार्तूमचं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं गेलं. तिथली वस्तूंची यादी ज्यांना तोंडपाठ होती, तेच आज निर्वासित आहेत.

परदेशात राहून काम करायची शिष्यवृत्ती चांगलीच. पण युक्रेननं युद्ध सुरू होताच १८ ते ६० वयाच्या पुरुषांना, काही अपवाद सोडले तर, देश सोडायला बंदी केली. बाई निघाली तर लेकरं आणि म्हातारी आई कुणाकडे? म्हणून पैसा माणूस आहे तिथेच पोचला पाहिजे. रक्कम छोटी चालेल, पण लवकर हवी. अर्ज एका पानाचा, त्याच्या भाषेतला. हिशेबात पुस्तक, प्रयोग, प्रदर्शन मागू नये. आणि तिकीट फाडणारा, पडदा ओढणारा, रात्रपाळीचा पहारेकरी हेही त्यात धरावेत.

आपल्याकडे ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना २०२४ पासून सरसकट दरमहा ५ हजार मानधन मिळतं. ते हवंच. पण पूर आला, घर गेलं, चाळिशीतला संबळवाला गोंधळी मोडून पडला, तर त्याच्यासाठी त्यात जागा नाही. तालुक्यापुरती गंगाजळी आपण उभी करू शकतो. आम्ही मास्तरांनी वर्गणीतून एक माणूस तुळजापूरला पाठवला होताच.

उद्या सकाळी दहा वाजता मी इथल्याच वाचनालयात वही घेऊन बसणार आहे. उमरगा-लोहाऱ्यातले भजनी, गोंधळी, शाहीर, आराधी, ज्यांचं काही हरवलंय अशांची नावं घेऊन या. वहीत वाद्याचा रकाना शेवटचा आहे. पहिले दोन आहेत: झोप लागते का, आणि घरी कोण आहे.