मेळघाट : शिधा घरात आल्यावर

अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, मेळघाटच्या कोरकू आदिवासी वस्त्यांमध्ये १९९३ साली कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी देश हादरला. पुढे २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्याचा हक्क दिला, आणि त्याचे मोल मोठे आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील २५.६ टक्के मुलांचे वजन उंचीच्या मानाने कमी आढळले. देशाची सरासरी १९.३ टक्के होती. धान्याने भूक भागते, पण वाढत्या बाळाला डाळ, तेल, अंडी, दूधही लागते, आणि ते विकत घेण्याइतकी मजुरी वर्षभर मिळत नाही.

ज्या बाळाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरतो आणि ज्याची भूकच मेलेली असते, त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करतात. अशा बाळाला भरपूर खाऊ घालावे, असे कोणालाही वाटेल. परंतु दीर्घ उपासमारीने हृदय, यकृत आणि मूत्रपिंडांची ताकद इतकी घटलेली असते, की एकदम दिलेला पूर्ण आहार जिवावर बेतू शकतो. म्हणून आहारतज्ज्ञ आधी ‘एफ-७५’ हे दूध ठरवतात: १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी, प्रथिने कमी, मात्रा वजनानुसार, सुरुवातीला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. बाळ किती प्यायले, किती उलटले, याची नोंद होते, आणि भूक परतली की हळूहळू ‘एफ-१००’ हे अधिक कॅलरी आणि प्रथिनांचे दूध सुरू होते.

याहून अवघड काम आईशी बोलण्याचे असते. ‘‘ताई, काल घरात काय रांधलं होतं? तुम्ही कामावर असताना बाळाला कोण भरवतं?’’ या उत्तरांवर पुढचा सल्ला ठरायला हवा. सफरचंद आणि बदाम लिहिलेला छापील तक्ता या घरात निरुपयोगी आहे. वरणातली घट्ट डाळ बाळासाठी आधी काढून ठेवणे, भातात चमचाभर तेल घालणे, दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे भरवणे, हे मात्र जमू शकते.

बाळ घरी गेल्यावर त्याची देखरेख अंगणवाडीकडे येते. पण दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मजुरीसाठी गाव सोडतात आणि पुढची तपासणी चुकते. त्यामुळे घरी सोडतानाच आहारतज्ज्ञांनी कुटुंब कुठे जाणार आहे हे विचारून, तिथल्या अंगणवाडी सेविकेपर्यंत बाळाचे वजन आणि आहाराची नोंद पोहोचवली पाहिजे.