द्राक्षबागेतल्या पेटीशी बोलताना

(दृश्य: पहाट. तासगाव तालुक्यातली द्राक्षबाग. खांबावर करडी पेटी.)

ऑक्टोबर छाटणी होऊन पंधरा दिवस झालेत. डोळे फुटलेत. आता पाणी कमी-जास्त झालेलं वेलीला सोसत नाही. या पेटीत ईएसपी-३२ ही छोटी संगणक-चिप आहे. ठिबकचे चार व्हॉल्व्ह तीच सांभाळते.

पहिल्या हंगामात पाण्याची वेळ बदलायची म्हटलं की आम्ही लॅपटॉप घेऊन बांधावर. कोडमधला एक आकडा बदला, बिल्ड करा, चिपवर चढवा. दहा मिनिटांची वीस मिनिटं करायला एवढा खटाटोप! वर पेटी रीस्टार्ट व्हायची आणि चालू पाणी मध्येच तुटायचं.

(दृश्य: तीन तारा, अगदी जवळून.)

म्हणून पेटीला कन्सोल दिला, म्हणजे ती चालू असतानाच टाइप करून कमांड द्यायची सोय. टीएक्स (पाठवणारी), आरएक्स (घेणारी), ग्राउंड. पेटीची टीएक्स आपल्या आरएक्सला. इथं हमखास उलटं होतं. वेग सेकंदाला ११५२०० बिट. पडद्यावर भलतीच अक्षरं उमटली तर आधी हा आकडा बघायचा.

ईएसपी-आयडीएफमध्ये, म्हणजे या चिपसाठी कोड लिहायच्या साधनसंचात, कमांड नोंदवायची सोय तयारच आहे. एक स्ट्रक्चर भरायचं: कमांडचं नाव, मदतीची एक ओळ, आणि कमांड आल्यावर चालवायचं फंक्शन. मदतीची ओळ कोरी ठेवू नका. ती नसेल तर 'हेल्प'च्या यादीत कमांड दिसतच नाही, आणि उन्हात बांधावर उभ्या माणसाला तेवढाच आधार असतो.

(दृश्य: पडद्यावर 'व्हॉल्व्ह २ २०'.)

फंक्शनला हे तीन शब्द म्हणून मिळतं; पहिला शब्द कमांडचं नावच. बाकीचे दोन आकडे दिसतात, पण ती अक्षरं आहेत. त्यांचे आकडे आपण करून घ्यायचे. मी चुकलो ते इथंच. अक्षरांचा आकडा करणारं सी भाषेतलं 'एटूआय' वापरलं. त्याला अक्षर दिलं तर ते मुकाट्यानं शून्य देतं. एकदा घाईत २ ऐवजी शेजारचं क्यू हे अक्षर दाबलं गेलं. आमचे व्हॉल्व्ह शून्यापासून मोजलेले. जिथं आदल्या दिवशीच पाणी झालं होतं, त्याच प्लॉटमध्ये पुन्हा पाणी सुटलं. फार वाईट वाटलं मला. माती चिखल झाली होती.

आता त्याच कामाला 'स्ट्रटोल' आहे. आकडा कुठं संपला ते ते सांगतं. पुढं अक्षर उरलं, नकार. व्हॉल्व्हचा आकडा तीनच्या वर गेला, नकार.

आणि त्या फंक्शनमध्ये वीस मिनिटं थांबायचं नाही. तोवर कन्सोल अडकून पडतो; 'बंद' टाइप केलं तरी ऐकायला कुणी नसतं. फंक्शननं निरोपांच्या रांगेत (क्यूमध्ये) निरोप टाकावा आणि लगेच परतावं. व्हॉल्व्हसाठी वेगळा टास्क, म्हणजे चिपवर स्वतंत्र चालणारं काम, असतो, वेळ तो मोजेल.

(दृश्य: बागेचे मालक. फोनला ओटीजी केबल.)

काका स्वतःच 'स्टेटस' टाइप करतात. उत्तर येतं: व्हॉल्व्ह दोन चालू, सात मिनिटं शिल्लक. ते फोन खिशात घालतात, त्या ओळीत जाऊन खाली बसतात आणि ड्रिपरखालची माती बोटांनी चाचपून बघतात.